कुलपाला तेल

वाटी पितळी आहे. तिला एका बाजूला पोचा आहे, त्यामुळे ती कधी काठोकाठ भरत नाही.

*

विहिरीतून वर एक बारीक दोरी येते. तिच्या टोकाला पत्र्याचा डबा. डबा एकदा वाजला तर थांब. दोनदा वाजला तर वर घे. बराच वेळ वाजला नाही तर कुणीतरी काठावरून वाकून बघायचं.

*

टँकर शाळेच्या भिंतीशी थांबतो. तो यायच्या आधी भांडी रांगेत उभी राहतात आणि बायका भांड्यांच्या वतीने भांडतात.

*

टॉवेलचं एक टोक उजव्या मनगटाला गुंडाळायचं. टॉवेल मानेमागून घ्यायचा. दुसरं टोक डाव्या हाताने हळूहळू खाली ओढायचं. उजव्या हातातला पेला न सांडता तोंडाशी येतो.

*

एक माणूस रोज सकाळी दुसऱ्या माणसाचं तोंड हुंगतो. दोघं सख्खे भाऊ आहेत.

*

पावसाने पाठ फिरवली की या घरात काम येतं. लोकांच्या विहिरी आटतात, आणि आटलेली विहीर आणखी खाली न्यायला यांची यारी लागते. काठावर रोवलेला लोखंडी खांब, त्याला फिरणारा आडवा हात, हाताच्या टोकाला कप्पी, कप्पीतून खाली सोडलेला तारदोर, तारदोराला बकेट. मागे इंजिन. इंजिनाशेजारी फळी. फळीवर थोरला, आणि थोरल्याच्या मुठीत ब्रेकचा दांडा.

खाली धाकटा. पहार, छिन्नी, घण, आणि डोक्यावर आतून चिंध्या भरलेली जुनी टोपी.

बकेट भरून काठाच्या वर आली की इंजिन सुटं करतात. तेवढा वेळ सगळा भार ब्रेकवर असतो, म्हणजे थोरल्याच्या मुठीवर. धाकटी आडव्या हाताचा दोर खेचून बकेट बाजूला आणते. थोरली ती उलटी करते, दगड पाटीत भरते आणि लांब नेऊन टाकते. दोघी जावांच्या तळव्यांना सारखेच घट्टे आहेत. जेवणाची वेळ झाली की त्याच बकेटमध्ये उभा राहून, तारदोर धरून, धाकटा वर येतो. दगडात आणि माणसात यारीला फरक कळत नाही. तो ब्रेकवाल्याला कळावा लागतो.

थोरल्याला लोक कुलूप म्हणत. त्याने दांडा दाबला की बकेट जिथल्या तिथे, हवेत खिळा ठोकून टांगल्यासारखी. दुसऱ्या टोळ्यांमध्ये बकेट हिसका देते, लोंबकळते, भिंतीला घासते. इथे नाही.

फक्त सकाळी उठल्यावर हे कुलूप खुळखुळायचं. बोटं, मनगट, हनुवटी. सदऱ्याची बटणं थोरली लावून द्यायची. चहा टॉवेलने ओढून प्यायचा, ती युक्ती त्याला कुणी शिकवली नव्हती. दोर आणि भार त्याला जन्माचे कळत होते. मग आई गोठ्यातल्या पेंडीच्या पिंपामागून बाटली काढायची, पोचा पडलेली वाटी भरायची आणि त्याच्या हातात न देता सरळ ओठांना लावायची. तान्ह्या पोराला पाजावं तशी. तो डोळे मिटून घ्यायचा. थोड्या वेळाने बोटं एकेक करून शांत व्हायची.

"मी काय हौसेने देते?" आई म्हणायची. कुणी विचारलेलं नसायचं तरी.

विहिरीवर गेलं की धाकटा त्याच्यासमोर उभा राहायचा. "दादा, आ कर."

"नाक आहे की मांजर?"

"आ कर रे."

तो तोंड उघडायचा. धाकटा हुंगायचा. वास आला की टोपी घट्ट करायची आणि बकेटमध्ये पाय टाकायचा. एकदा वास आला नव्हता, त्या दिवशी तो काठावर बसून राहिला होता. आई बाटली घेऊन धापा टाकत येईपर्यंत. "प्यायलेल्या दादाच्या हातात माझा जीव आहे," तो लोकांना सांगायचा, "न प्यायलेल्याच्या नको."

विहिरीचा मालक रोज तोच विनोद करायचा. "काय आई, कुलपाला तेल घातलं का?"

सगळे हसायचे. थोरलाही हसायचा, जरा उशिराने. थोरली पाटी डोक्यावर घेऊन निघून जायची.

*

एका सकाळी गोठ्यामागे तो ओणवा झाला आणि जे पडलं ते काळपट होतं. त्याने पायाने माती सारली. थोरलीने ते पाहिलं. त्याच्या पावलांवर बोट दाबलं तर खळगा पडायचा आणि तसाच राहायचा, ओल्या मातीत पडावा तसा. डोळ्यांचा पांढरा भाग हळदीचा झाला होता. जेवताना दोन घास खायचा आणि ताट सरकवायचा.

ती दवाखान्यात एकटीच गेली. तिथली नर्सबाई सुईसारखं बोलायची.

"किती वर्षं?"

"आधी तेच खाली उतरायचे. ओल्या अंगाने वर आले की कापायचे थंडीने. तेव्हा औषध म्हणून..."

"औषध." बाईने पेन ठेवलं. "त्यांना घेऊन या. भरती करून घेऊ. पंधरा दिवस तरी."

"पंधरा दिवस ब्रेकवर कोण बसणार?"

"दुसरं कुणी नाही?"

"ब्रेक सगळ्यांच्या हाती बसत नाही, बाई. आणि हे दिवस कामाचे. पाऊस आला की आम्हाला कोण विचारतं?"

"मग नीट ऐका. घरच्या घरी एकदम बंद करायची नाही. झटके येतील, भ्रम होईल, माणूस हातचा जाईल. हळूहळू उतरवावी लागते. पण गोळ्यांवर, आमच्या नजरेखाली. स्वतःच्या मनाने काही करायचं नाही. समजलं?"

"समजलं."

वाटभर तिने बाईच्या बोलण्यातला एकच शब्द जपून आणला. हळूहळू.

*

दुपारच्या जेवणानंतर आई घरी येऊन गोठ्याच्या सावलीत आडवी व्हायची, पडल्या पडल्या घोरायची. तेवढ्यात थोरली काहीतरी विसरल्याचं निमित्त करून यायची. पिंपामागची बाटली काढायची. त्याच पितळी वाटीत थोडी दारू ओतायची, ती उकिरड्यावर फेकायची, आणि तेवढंच टँकरचं पाणी बाटलीत घालायची. दारू पाण्यासारखीच दिसायची. बूच लावायचं. वाटी जिथे होती तिथेच पालथी.

पहिल्या दिवशी तिने बूच दोनदा काढून दोनदा लावलं.

रोज थोडं थोडं. बाटली संपली की आई भट्टीवरून नवी आणायची, मग तिला पहिल्या दिवशीच जास्त पाणी. तिने हिशोब कुठे लिहिला नव्हता. बोटाने मोजायची: बुचापासून पहिलं बोट, मग दुसरं.

भाऊजींना सांगायला हवं, असं तिला रोज वाटायचं. विहिरीच्या तळाशी ते असतात, ती नाही. पण सांगितलं असतं तर ते उतरले नसते. आणि उतरले नसते तर आईने कारण विचारलं असतं, आणि मग बाटली पुन्हा पहिल्यासारखी. एकदा यांची पार सुटू दे, ती स्वतःला म्हणायची, मग सगळ्यांना बसवून सांगेन. धाकटीला जवळ घेऊन सांगेन.

वासाचं काय? वास पाणी घातलं तरी येतोच.

*

"दादा!"

खालून आलेला आवाज इंजिनाच्या वर चढला. डबा वेड्यासारखा वाजत होता.

बकेट अर्ध्यावर हिसका खाऊन थांबली होती. काठोकाठ भरलेली. एक दगड सुटून खाली गेला होता.

धाकटा वर आला तेव्हा त्याच्या खांद्यावरून बनियन फाटून रक्ताने चिकटलं होतं. त्याने आधी भावाच्या हाताकडे पाहिलं. हात दांड्यावर होता, आणि दांडा हलत होता.

"हात का हलतोय तुझा?"

"कुठे हलतोय?"

"आई, आज दिली नाहीस याला?"

"तुझ्या डोळ्यांदेखत दिली की. तू हुंगलास ना?"

"मालात दम राहिला नाही," थोरला म्हणाला. तो कुणाकडे बघत नव्हता. "हल्ली घशाला कळतच नाही काही."

मालक छत्री टेकवून उभा होता. "कुलूप बदलायची वेळ आली म्हणायची."

या वेळी कुणी हसलं नाही. थोरली धाकट्याच्या खांद्यावरचे खडे फडक्याने टिपत होती. "लागलं का हो फार, भाऊजी?"

"लागायचं ते शेजारून गेलं, वहिनी. डोकं वाचलं. तसंही त्यात काही नव्हतं म्हणा."

धाकटी रडता रडता हसली आणि मग नुसतीच रडली.

*

दुसऱ्या दिवसापासून आई दोन वाट्या देऊ लागली.

एक नेहमीची. दुसरी, थोरली टँकरच्या रांगेत गेली की गोठ्यात बोलावून. "बायकोला सांगू नकोस," आई म्हणायची, "उगाच घर डोक्यावर घेईल. आपल्याला धाकट्याचा जीव सांभाळायचाय." तो मान हलवायचा. आईसमोर तो नेहमी लहान व्हायचा.

हात बसला. पुन्हा कुलूप झालं.

आणि घरात दोन बायका समाधानाने कामाला लागल्या. एकीला वाटलं, दोन वाट्यांनी निभावलं. दुसरीला वाटलं, निम्म्या पाण्याने निभावलं. दोघीही एका अर्थी बरोबर होत्या. त्याच्या पोटात जात होती ती पूर्वीइतकीच.

एका सकाळी थोरली डोक्यावर हंडा घेऊन आली तेव्हा तो दारात उभा राहून सदऱ्याची बटणं लावत होता. खालून वर. एक बटण चुकलं होतं, त्यामुळे एक बाजू लोंबत होती.

"बघतेस काय?"

"काही नाही."

"मग हसतेस काय?"

"एक बटण जास्त झालंय तुम्हाला."

त्याने खाली बघितलं आणि सगळी बटणं काढून पुन्हा लावली. ती हंडा डोक्यावर तसाच ठेवून पाहत राहिली. मान भरून आली तरी उतरवला नाही. त्या दिवशी तो पोटभर जेवला, असं तिला वाटलं. खरं तर रोजच्याहून दोनच घास जास्त.

त्या दुपारी तिने बाटलीत आणखी एक बोट पाणी घातलं.

*

"हा भट्टीवाला भामटा निघाला," आई एका संध्याकाळी म्हणाली. तिने जिभेवर थेंब ठेवून पाहिला होता आणि अंगणात थुंकली होती. "पाणी घालतो मेला. मी त्याच्यासमोर बसून त्याच्या सात पिढ्यांना पाणी घातलं आज."

थोरली भांडी घासत होती. तिने राख जास्त घेतली.

"काय म्हणाला मग?"

"शपथा घेतोय. पोरांच्या. खोटारड्याला पोरंच बरी सापडतात शपथेला. मी ओढ्यापलीकडच्या म्हातारीकडे जाणार उद्या उजाडताच. तिचा माल काडी लावली की पेटतो म्हणतात."

थोरलीचे हात थांबले. नवी बाटली म्हणजे पहिल्या दिवशीच जास्त पाणी, हे ठरलेलं होतं. उद्या दुपारी घालू. एका सकाळचा प्रश्न. एक वाटी कडक गेली तर जाईल. उलट हात अधिक बसेल. तिला माहीत होती ती एकच वाटी.

आणि उद्या ती नर्सबाईला सांगायला जाणार होती. निम्म्यावर आणलंय बाई, आता पुढे कसं करू? गोळ्या द्या. हे वाक्य तिने भांड्यांवर घासून घासून चकचकीत केलं.

*

आईने ओढ्यापलीकडून आणलेली बाटली गोठ्यात उघडली. बशीत थेंबभर ओतून काडी लावली. निळी ज्योत उभी राहिली, बशीच्या काठाने फिरली आणि गेली.

"याला म्हणतात माल," ती स्वतःशीच म्हणाली.

थोरली अंगणातून आत डोकावली. "आई, मी आज जरा उशिरा येते विहिरीवर."

"कुठे चाललीस?"

"दवाखान्यात. पाठ धरलीय."

"पाठ सगळ्यांचीच धरते. जा."

फाटकाशी धाकटा पहार खांद्यावर घेऊन उभा होता. जखमेच्या खांद्यावर नाही, दुसऱ्या. "काय वहिनी, माहेरी पळताय की काय?"

"तुम्हाला टाकून कुठे पळू, भाऊजी?"

"दादाचं काही आहे का?"

ती थांबली. आत्ता सांगावं. तो हसत होता, ऊन अजून कोवळं होतं, बाकी कुणी जवळ नव्हतं.

"आल्यावर सांगते," ती म्हणाली. "चांगलंच आहे."

ती वळणापर्यंत जाईस्तोवर आईने पहिली वाटी दिली होती. मग दुसरी. दुसरी देताना थोरला ठसकला, डोळ्यांत पाणी आलं.

"आज आहे बघ," तो म्हणाला.

*

विहिरीवर धाकट्याने हुंगलं आणि मान मागे घेतली. "अरे बापरे. आज तर तीन कुलपं आहेत."

टोपी घट्ट केली. उतरला.

सकाळभर काम असं झालं की मालक छत्री मिटून बघत बसला. बकेट तरंगत वर यायची, तरंगत खाली जायची. थोरला मध्येच गुणगुणत होता. धाकटी दोरही खेचत होती आणि थोरलीच्या वाटणीची पाटीही भरत होती, तिला मान वर करायला सवड नव्हती. ऊन चढलं. इंजिनाचा पत्रा तापला, त्याची धग फळीवर येऊ लागली. थोरल्याचं गुणगुणणं बंद झालं. घाम त्याच्या कपाळावरून भुवईत, भुवईतून डोळ्यात गेला आणि त्याने तो पुसला नाही.

आई जेवणाचं गाठोडं घेऊन आली. तिने दुरूनच पाहिलं, हात दांड्यावर आहे, हलत नाही. तिला बरं वाटलं.

डबा दोनदा वाजला.

इंजिन ओढू लागलं. आधी धाकट्याची टोपी दिसली, मग खांदे, मग कमरेपर्यंत तो. चेहऱ्यावर धूळ, दात पांढरे. तो बायकोला काहीतरी म्हणाला, इंजिनात ते ऐकू गेलं नाही. थोरल्याने इंजिन सुटं केलं. बकेट थांबली, खिळा ठोकल्यासारखी. धाकटीने दोर हातात घेतला.

थोरल्याचा हात थरथरला नाही. नुसता उघडला. झोपलेल्या माणसाची मूठ उघडते तसा.

तारदोर कप्पीतून किंचाळत गेला. धाकटीच्या हातात दोर होता, पण तो आडवा खेचायचा दोर. त्याने काही धरलं जात नाही. तरी ती खेचत राहिली. आडवा हात फिरून काठावर आला, रिकामा.

त्या आवाजाने थोरला जागा झाला आणि त्याने दोन्ही हातांनी दांडा दाबला. पुढे कितीतरी वेळ तो दाबून बसला होता. त्याची बोटं सोडवायला दोघेजण लागले.

*

"तेल घातलं नसणार आज."

"काल तरी हात बरा होता."

"न घेता बसला असेल ब्रेकवर. या लोकांचं असंच. एक दिवस सुटली की संपलं."

"आईने तरी बघायला नको?"

लोक अंगणात बोलत होते. आत धाकट्याला चादरीखाली ठेवलं होतं. आई भिंतीला टेकून बसली होती, तिच्या मांडीवर ते जेवणाचं गाठोडं अजून तसंच बांधलेलं.

"मी दिली होती," आई म्हणाली. कुणाला उद्देशून नाही. "दोन वाट्या दिल्या होत्या. माझ्या हाताने."

थोरली तेवढ्यातच वाटेवरून धावत आली होती. तिच्या पायात एकच चप्पल होती.

"दोन?" ती म्हणाली.

"दोनच देते मी. त्याला खांद्याला लागलं तेव्हापासून."

थोरली खाली बसली. "मी पाणी घालत होते, आई."

आईने तिच्याकडे पाहिलं. आधी समजलं नाही. मग समजलं. तिने गाठोड्याची गाठ सोडली, पुन्हा बांधली, पुन्हा सोडली.

धाकटी चादरीपाशी बसली होती. तिने सगळं ऐकलं. तिच्या तळहातांची सालं दोराने निघाली होती आणि तिने ते वर करून मांडीवर ठेवले होते, वाळत घातल्यासारखे.

*

सकाळी थोरल्याला उठवावं लागलं नाही. तो अंगणात उकिडवा बसला होता. बोटं, मनगट, हनुवटी. आता गुडघेही. त्याला कुणी काही विचारलं नव्हतं, कुणी मारलंही नव्हतं. एकदा त्याने भिंतीला विचारलं, "वर आला का तो?" आणि मग हातांनी कान झाकले.

माणसं जमली. न्यायची वेळ झाली.

"सख्खा भाऊ आहे. खांदा त्यानेच द्यायचा," मालक म्हणाला. तो आज छत्रीशिवाय होता.

दोघांनी त्याला धरून उभा केला. पाय लटपटले, तो बसला. पुन्हा उभा केला. तिरडीचा पुढचा दांडा त्याच्या खांद्यावर ठेवायला घेतला आणि सगळं एका बाजूला कललं. बायका ओरडल्या. चौघांनी सावरून पुन्हा जमिनीवर ठेवलं.

"याला नाही जमणार."

"अरे पण भाऊ..."

आई उठली. दोन पावलं गोठ्याकडे गेली आणि तिथेच उभी राहिली. तिला पुढे जाता येईना. मागेही येता येईना. तिने थोरलीकडे पाहिलं.

थोरली मान खाली घालून बसली होती.

मग धाकटी बोलली. रात्रभरात पहिल्यांदाच. आवाज नेहमीचाच होता, विहिरीवर ती जसा द्यायची तसा.

"द्या त्यांना," ती म्हणाली. "नाहीतर पुन्हा पाडतील."

थोरली उठली. गोठ्यात गेली. पिंपामागून बाटली काढली, पालथी वाटी सुलटी केली. हंडा तिथेच होता, भरलेला. तिने हंड्याकडे पाहिलं नाही. वाटी पोच्यापर्यंत भरली, बाहेर आणली, सगळ्यांसमोर. त्याच्या हातात दिली नाही. सरळ ओठांना लावली.

त्याने डोळे मिटले.

लोक उभे राहिले. बोटं एकेक करून शांत झाली. मग तो स्वतःच उठला, पुढे झाला, दांडा खांद्यावर घेतला आणि एका हाताने तो घट्ट धरला. सगळी वाट, ओढ्याच्या उतारावरही, त्याच्या बाजूने तो जरासुद्धा हलला नाही.

*

थोरली गेली होती त्या दिवशी दवाखाना बंद होता.